कांडीला दिलेला राखेचा हात

निपाणी
१९ डिसेंबर १९८३

ती. अण्णास,

जयाचा सप्रेम जयभीम. अंबुवहिनीला सांग, तिनं दिलेला लसणाच्या चटणीचा डबा घासून पालथा घातलाय. शहाण्या बाईला एवढं पुरे.

आता दुखणं सांगते. अण्णा, ओव्हन बिघडला रे! लिहितानासुद्धा हात जड झालाय. लष्करी कॅम्पातल्या त्या बदली झालेल्या कुटुंबाकडून तू तो घेतलास, आठ दिवस खपून नीट केलास, आणि आमच्या ह्यांनी तो बेळगावपासून निपाणीपर्यंत मांडीवर घेऊन आणला. स्वतः कंडक्टर असून दुसऱ्याच्या गाडीत चेष्टा सोसली. "देवाप्पा, ह्या पावण्याचं तिकीट काढलंस काय रं?" म्हणून सगळी गाडी हसत होती म्हणे.

पहिले दोन महिने तर काय सांगू! बेकरीपुढं स्वतःचा मैदा-डालडा घेऊन तास-तास बसणारी आम्ही माणसं, आणि आमच्या घरात नानकटाई फुलायला लागली. गल्ली वासानं गोळा व्हायची. मुलींच्या वसतिगृहाच्या सुपरिटेंडन्ट बाईंनी एक खाल्ली आणि म्हणाल्या, "जयाबाई, जानेवारीच्या अखेरीस आमचं स्नेहसंमेलन आहे. त्या दिवशी सगळ्या मुलींना तुमची नानकटाई देऊ. चांगली निघाली तर मग रोज दुपारच्या चहाला तुमच्याकडूनच."

तुला ठाऊक आहे हे माझ्यासाठी काय आहे ते. आत्तीचा खोकला तू पाहिलास. उभा जन्म तंबाखूच्या वखारीत चाळण मारली माझ्या ह्या सासूनं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की आता तंबाखूच्या धुळीचा खकाणा नाकात जाता कामा नये. पण ती ऐकेल तर शपथ! "देवाप्पाच्या एकट्याच्या जिवावर किती ओझं टाकायचं?" हे तिचं एकच. शेवटी कबूल झाली की वसतिगृहाचं काम मिळालं तर जाणार नाही, नाहीतर मार्चमध्ये वखार उघडली की ही निघाली. आणि मला पक्कं ठाऊक आहे अण्णा, ह्या खेपेला गेली तर ती पुढच्या दिवाळीला आपल्यात नसेल.

आणि नेमका आत्ताच ओव्हन फिरला. एकदम नाही, हळूहळू. आधी बुडं जरा लाल व्हायची. मग काळी. आता तर एक घाणा बाहेरून कोळसा आणि आतून कच्चा निघतो, आणि लगेच दुसरा टाकला तर तो पांढराफटक, मेल्यासारखा पडून राहतो. बटण तू सांगितलंस तिथंच असतं, मी हलवलेलं नाही. ताटलीत कधीकधी करडा भुगा पडलेला दिसतो. पीठच जळत असणार.

ओव्हन आला त्या दिवशी आत्ती म्हणाली होती, "ह्या पेटीत आपलं काय शिजनार?" ते शब्द आता रोज कानात वाजतात.

तू येऊन जाशील का?

तुझी,
जया


बेळगाव
२३ डिसेंबर १९८३

चि. जयास अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

रडू नको. ओव्हन मेलेला नाही, आजारी आहे.

मला यायला जमणार नाही. उद्यमबागेत आमच्या फाउंड्रीत नवी भट्टी लागतेय, आणि भट्टीची उष्णता मोजणारी सगळी यंत्रं माझ्या गळ्यात आहेत. सुट्टी मागितली तर सायब मलाच भट्टीत घालतील. तेव्हा पत्रातून डॉक्टरकी करू. मी विचारायचं, तू बघायचं, आणि जे दिसेल तेच लिहायचं. तुला वाटेल ते नाही, दिसेल ते. लहानपणापासून तुझी ही खोड आहे, आधी वाटतं आणि मग दिसतं.

आधी ऐक. ओव्हनला स्वतःला कळत नसतं किती तापलं ते. दार उघडून बघ, आत उजव्या भिंतीला वरच्या अंगाला करंगळीएवढी एक कांडी आहे. तीच त्याचं ज्ञान. तिच्यात तेलासारखा द्रव असतो. आतली हवा तापली की तो फुगतो, केसाएवढ्या बारीक नळीतून बटणामागच्या पत्र्याला ढकलतो, खटका पडतो आणि वीज तुटते. तांबडा दिवा विझतो. निवलं की द्रव आकसतो आणि दिवा पुन्हा लागतो. सगळं दुकान त्या कांडीवर चालतं. आमच्याकडं साहेबलोक तिला सेन्सर म्हणतात.

माझा संशय असा की ती कांडी बसच्या धक्क्यांनी चिमट्यातून निसटली असावी. भिंतीला टेकली की तिला हवेची उष्णता नीट कळत नाही.

तर दोन कामं कर. एक, प्लग काढून, ओव्हन गार असताना, बॅटरी मारून बघ की कांडी चिमट्यात आहे का. दोन, रिकामा ओव्हन लाव आणि शेजारी चुलीवर भाकरी करत बस. दिवा लागल्यापासून विझेपर्यंत किती भाकऱ्या झाल्या ते बघ. तुझ्या घरात घड्याळ एकच आणि ते देवाप्पाच्या मनगटावर त्याच्या सदलग्याच्या गाडीतून जातं, हे मला ठाऊक आहे. तुझी भाकरी त्यापेक्षा नेमाची आहे.

मी इथं तो नीट केला तेव्हा अंबूच्या दीड भाकरीत दिवा विझायचा. ती तुझ्यापेक्षा वेडीवाकडी थापते, पण हे तिला कळवू नको.

तुझा,
भीमसेन

चटणी पाठवतोय. निरोप पोचला.


निपाणी
२९ डिसेंबर १९८३

ती. अण्णास जयभीम.

चटणी पोचली. वहिनीच्या हाताला सोन्याचं कडं घाल.

तू सांगितलंस तसं केलं. दिवा लागला आणि मी पहिली भाकरी तव्यावर टाकली. दीड झाली, दिवा जळतोयच. तीन झाल्या, जळतोयच. पाचवी फुगली तेव्हा ओव्हनमधून असा भपकारा आला की मी घाबरून प्लगकडं धावले, तेवढ्यात विझला. मग पुन्हा लागायची वाट बघत बसले तर लागेच ना! उरलेलं पीठ संपलं, तवा उतरवला, कालवण झालं, तेव्हा कुठं लागला. हे आले आणि भाकऱ्यांची चवड बघून म्हणाले, "कुणाची वरात यायची हाय?"

कांडी बघितली. बॅटरी मारून, डोकं आत घालून. चिमट्यात आहे, घट्ट आहे, कुठं टेकलेली नाही. करंगळीएवढी करडी कांडी, जागच्या जागी. म्हणजे तुझा संशय खोटा ठरला. आता काय?

दुसरं एक लिहू का नको असं चाललंय, पण तुला नाही तर कुणाला लिहिणार. अण्णा, आत्तीला हा ओव्हन नकोच आहे असं मला वाटतं. (वाटतं, दिसतं, काय ते तूच ठरव.) घरात भांडीकुंडी, पाणी, सरपण तिच्याकडं आणि रांधणं माझ्याकडं, ही वाटणी मी लग्न होऊन आले तेव्हापासूनची. त्यात माझी तक्रार नाही. पण परवा माझ्या मनगटात कळ आली म्हणून म्हटलं, "आत्ती, एवढं नानकटाईचं पीठ मळून द्या की." तर अशी बघितली, जणू मी विष कालवायला सांगितलं. आणि उठून परसात निघून गेली. एकदा नव्हे, तिसऱ्यांदा.

काल पारूबाई आली होती, वखारीतली आत्तीची जोडीदारीण. मुकादमाचा निरोप घेऊन. नवा माल यायला लागला की तानीबाईला, म्हणजे आत्तीला, पहिली हाक मारणार म्हणे. आत्ती हसली. मला त्या हसण्याची भीती वाटली.

संमेलन अठ्ठावीस तारखेला आहे.

जया


बेळगाव
२ जानेवारी १९८४

चि. जया,

नव्या वर्षाचा जयभीम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. आधी कौतुक करतो. भाकऱ्यांचा हिशेब आमच्या फाउंड्रीतल्या रिपोर्टापेक्षा स्पष्ट आहे. दिवा विझायला उशीर, आणि लागायलाही उशीर. म्हणजे बटण चांगलं आहे, वीज चांगली आहे. बटण गेलं असतं तर एकदम गेलं असतं, असं हळूहळू रुसलं नसतं. कांडी खोटं सांगत नाही, फक्त तिला सगळं उशिरा कळतंय. ओव्हन पेटून उठला तरी ती म्हणते अजून गारच आहे, आणि तो निवला तरी हिला अजून गरमच. घोंगडी पांघरून बसलेल्या माणसाला बाहेरचं ऊन-थंडी कळायला वेळ लागतो ना, तसं.

आणि मग तुझा एक शब्द वाचून मी उठून बसलो. करडी?

जया, ती कांडी तांब्याची आहे. मी स्वतः चिंच लावून घासली होती, नव्या तांब्यासारखी लखलखत होती. तापून तापून काळपट होईल, तपकिरी होईल. करडी होणार नाही.

प्लग काढ. पूर्ण गार होऊ दे. मग नखानं, फक्त नखानं, हळूच खरवडून बघ. सुरी लावू नको, ओढू नको. मागच्या बारीक नळीला मोड पडला आणि आतला द्रव गळला तर मग ओव्हनचं धान्याचं कपाट करावं लागेल. तसली नवी कांडी मुंबईहून मागवायची तर तुझं संमेलन होऊन जाईल.

काय निघतं ते लगेच कळव.

तुझ्या सासूबाईंच्या, मावशींच्या बाबतीत मी काही लिहीत नाही. त्या घरात मी नाही.

भीमसेन


निपाणी
७ जानेवारी १९८४

अण्णा,

निघाली. राख निघाली.

चुलीतली राख आणि तांबडी माती कालवून केलेला लेप. एक नव्हे, थरावर थर. नख लावलं तशी ढलपी पडली, खाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. आणि किती नीट दिलेला, वरून बोट फिरवून गुळगुळीत केलेला! ताटलीतला तो करडा भुगा हाच.

आपण चुलीवर भांडं ठेवायच्या आधी बुडाला राख-मातीचा हात देतो ना, तसा. आणि ह्या घरात भांड्यांना तो हात कोण देतं? मी देत नाही. हे देत नाहीत. उरलं कोण?

दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. ताट वाढते आणि सरकते. ह्यांना काही सांगितलं नाही, पण त्यांना वास लागलाय, आज ड्युटीवर जाताना दारात उगाच घुटमळत होते. अण्णा, मी हिच्या छातीसाठी रात्रंदिवस मरते, आणि ही माझ्या पाठीमागं ओव्हनला माती घालते? वखारीत जायचंच होतं तर तोंडानं सांगायचं. मी काय पाय बांधून ठेवले होते? माझ्या आईसारखी मानली तिला. मूर्ख मी.

अर्धी कांडी खरवडली आणि तशीच टाकली. हातच चालेना. काय करू सांग. संमेलनाला नाही म्हणून कळवू का?

जया


बेळगाव
१० जानेवारी १९८४

जया,

संमेलनाला नाही कळवलंस तर मी पुढच्या गाडीनं येऊन तुझा कान धरीन. मग सायब मला भट्टीत घालोत नाहीतर फोटो करून चौकटीत लावोत.

शांतपणे बस आणि मला एकाच प्रश्नाचं उत्तर दे. आपली आई कुठल्या भांड्यांना राखेचा हात द्यायची? फुटक्या मडक्याला? गळक्या पातेल्याला? नाही. तिच्या लग्नातल्या पितळी पातेल्याला, आणि आज्जीच्या तांब्याच्या हंड्याला. जे भांडं जपायचं, जे जाळानं काळं पडू नये, भोक पडू नये असं वाटायचं, त्याला. नको असलेल्या वस्तूवर बाई आपला वेळ आणि बोटं घालवत नाही गं. तुला नावडत्या माणसाचं डोकं तू तेल लावून चोळशील का?

आणि थरावर थर म्हणतेस, गुळगुळीत म्हणतेस. मोडायचंच असतं तर एक झटका पुरेसा होता. एवढी निगुतीनं मोडतोड कोण करतं?

आणखी एक सांगतो. आमच्या भट्टीतसुद्धा उष्णता मोजणारी तार नुसती सोडत नाहीत, जळून जाईल. तिला भाजलेल्या मातीची नळी घालतात. म्हणजे मावशींनी जे केलं तेच आमचे इंजिनियर करतात. फरक एवढाच की आमची भट्टी पेटली की दिवसच्या दिवस पेटलेली असते, तिला उशिरा कळलं तरी चालतं. तुझी नानकटाई तेवढी थांबत नाही. त्यांची माया खरी आहे, जागा तेवढी चुकली.

आता माझं ऐक. उरलेली अर्धी कांडी तू एकटीनं खरवडू नको. मावशींना जवळ बसव. आधी विचार, मग ऐक. मधे बोलू नको. आणि पिठाला हात का लावत नाहीत तेही विचार. त्याचं उत्तर मला ठाऊक नाही, पण तुलाही ठाऊक नाही, आणि तरी तू त्यावर एवढं मोठं भांडण उभं केलंस.

लेप ओल्या फडक्यानं भिजवून काढा. पाणी टिपून घ्या. मग दीड भाकरी.

तुझा,
भीमसेन


निपाणी
१५ जानेवारी १९८४

माझ्या अण्णा,

तुझे पाय कुठं आहेत? इथूनच डोकं ठेवते.

काल हे सदलग्याच्या मुक्कामी गाडीवर होते. मी ओव्हनचं दार उघडलं आणि आत्तीला म्हटलं, "जरा बसा हितं." ती बसली. मी कांडी दाखवली. अर्धी तांबडी, अर्धी करडी. आणि तिचा चेहरा असा पडला अण्णा, की माझा सगळा राग तिथंच गळाला. म्हणाली, "अगं बया, निघालं व्हय? बरं झालं सांगितलंस, उद्या पुन्हा देती."

मी विचारलं, "कशापायी देताय आत्ती?"

"उघडी हाय न्हवं ती बिचारी. बाकी समद्याला पत्रा हाय, डबा हाय, ही एकलीच जाळात. भीमसेननं चांगली घासून दिलेली. काळी पडंल, जळून जाईल, मग तुझं काम कसं व्हनार? म्हनून तू ऐतवारी बाजारला गेलीस की एक हात द्यायची मी."

दर रविवारी अण्णा! मी भाजी घ्यायला जायची आणि ही गुडघ्यावर बसून त्या कांडीला जपायची. आणि मी इतके दिवस हिच्यापुढं ताट आदळलं. मला रडूच कोसळलं. तिला वाटलं, ओव्हन कायमचा गेला म्हणून रडतेय. तीच मला समजवायला लागली.

मग तुझ्या भट्टीतली मातीची नळी सांगितली. सायबसुद्धा लेपच देतात म्हटल्यावर जरा सावरली. "पर हितं नको हुता तर," म्हणाली आणि स्वतःच फडकं भिजवून आणलं. दोघींनी मिळून काढला. माझ्यापेक्षा तिचा हात हलका. बारीक नळीला धक्कासुद्धा लागला नाही.

आणि पिठाचं विचारलं. तिनं तळहात पुढं केले. "ह्यो हात कडू हाय जया." वखारीत तंबाखू चाळून चाळून हाताची चव जाते म्हणे. राखेनं घास, साबणानं घास, चिंचेनं घास, जात नाही. हे लहान असताना तिनं एकदा वखारीतून येऊन घास भरवला, तर ह्यांनी थुंकून टाकला, "आये, कडू लागतंय." तेव्हापासून तिनं कुणाच्या तोंडात घास घातला नाही, पिठाला हात लावला नाही. आज्जेसासू सुलाबाई होत्या तोवर त्यांनी भाकरी केली, नंतर मी आले. भांडी घासायची तेवढी तिनं स्वतःकडं ठेवली, कारण भांड्याला कडू लागत नाही.

म्हणजे बघ, तिला माझ्या नानकटाईला हातभार लावायचा होता, आणि लावता येण्यासारखी ती एकच जागा सापडली तिला.

मी तिचे दोन्ही हात नाकाशी धरले. चार-पाच महिने वखार बंद आहे, कसला कडूपणा राहतोय! भांड्याच्या राखेचा वास येत होता फक्त. तिला म्हटलं तर म्हणते, "तुला काय कळतंय."

दिवा आज दीड भाकरीत विझला. पहिला घाणा काढला, बदामी रंगाचा, कडेला बारीक भेगा, जसा हवा तसा. आत्तीनं ताटली दाराशी नेऊन उजेडात बघितली.

अण्णा, तू इथं असतास तर. तू ओव्हन नीट केलास असं मी लोकांना सांगीन, पण तू काय नीट केलंस ते मला ठाऊक आहे.

तुझी वेडी,
जया


निपाणी
५ फेब्रुवारी १९८४

भीमसेन पावणं यांस तानीबाईचा जयभीम.

मला लिवता येत न्हाय म्हनून जया लिवतीया. मी बोलीन तसंच लिव म्हटलंय. सुधरायचं न्हाय. (सुधारत नाही. जया.)

पावणं, संमेलन झालं. पोरींनी ताटं चाटूनपुसून खाल्ली. सुपरिटेंडन बाई स्वता घरला आल्या, आमच्या जोत्यावर बसल्या, आनि रोजचं काम द्याचं कबूल केलं. पारूबाई आलती मुकादमाचा निरोप घिऊन. मी म्हटलं, न्हाय येत. तिला वाटलं मी चेष्टा करतीया. मी म्हटलं, मुकादमाला सांग, तानीबाई आता भट्टीवर कामाला हाय. (खूप हसल्या दोघी. पारूबाई जाताना रडली पण. हे मी माझ्या मनानं लिहितेय.)

पावणं, तुमी माझं वाकडं धरलं न्हाय. घरात बसून एक कागद तुमी लिवला आनि माझ्या सुनंच्या मनातलं काटं काढलं. सुनंनं मला सांगितलं समदं, ती माझ्यावर रागावलती ते बी. मला काय वाईट वाटलं न्हाय. मी तिच्या जागी असते तर पेटीच फेकून दिली असती. माझ्या मनाला लागलं ते येगळंच. चाळीस वर्सं मी भांड्याला राख लावतीया, पर कशापायी लावतीस असं मला कुनी कदी इचारलं न्हवतं. तुमी इचारायला लावलं. तुमचं लई उपकार हायेत.

आता कामाचं. ह्या डब्यात नानकटाई हाय. पीठ म्या मळलंय. गोळं बी म्या केल्यात. जयानं लई मागं लागून मळायला लावलं. (तीन दिवस.) ती खाऊन ग्वाड हाय म्हनती, पर ती माझी सून हाय, ती म्हननारच. देवाप्पाला अजून दिली न्हाय. त्येला द्यायचं धाडस व्हईना. ल्हानपनी थुकलेला घास अजून ध्यानात हाय माझ्या.

तुमी परके, तुमी खरं सांगाल. खावा आनि कळवा. कडू लागली तर कडू म्हनून लिवा. मला लाज न्हाय वाटायची. पुन्हा भांडी घाशीन.

डबा देवाप्पाचा दोस्त भरमा कंडक्टर आनून दील.

तानीबाईचा आशीर्वाद.

(अण्णा, कार्ड तिच्या नावानं घाल. आजवर तिच्या नावाचं पत्र ह्या घरात आलेलं नाही. जया.)


बेळगाव
९ फेब्रुवारी १९८४

ती. तानीबाई मावशी यांस भीमसेनचा सप्रेम जयभीम.

डबा पोचला. भरमा कंडक्टरनं वाटेत दोन खाल्ल्याचं कबूल केलंय, तेव्हा पहिला साक्षीदार तोच. दुसरी अंबू, तिसरा मी. खाताना मी मुद्दाम डोळे मिटले होते आणि कडूपणा शोधत होतो, कारण तुम्ही खरं सांगायला सांगितलंत.

सापडला नाही, मावशी. वेलदोडा सापडला, तूप सापडलं, कणभर मीठ सापडलं. कडू काहीही नाही. हे मी फाउंड्रीत रिपोर्ट लिहितो तितक्याच जबाबदारीनं लिहितोय.

डबा रिकामा परत देऊ नये, म्हणून आत आमच्या भट्टीतली मातीची नळी ठेवली आहे. तडा गेला म्हणून टाकून दिली होती, सायबांना विचारून घेतली. कुठं लावू मात्र नका. नुसती कपाटात असू दे. कुणी विचारलं तर सांगा, हे माझंच काम आहे, मोठ्या कारखान्यात चालतं.

कार्ड देवाप्पाकडून वाचून घ्या. जयाकडून नको.

आपला,
भीमसेन


निपाणी
१३ फेब्रुवारी १९८४

अण्णा,

पोस्टमननं दारातून "तानीबाई" म्हणून हाक मारली तर आत्ती घाबरून मलाच पुढं ढकलत होती. कार्ड हातात घेऊन ती दुपारभर बसून राहिली. भरमानं डब्यातून आणलेली नळी आधी धुतली, मग कपाटात ठेवली, मग पुन्हा काढून बघितली.

संध्याकाळी हे ड्युटीवरून आले. तू लिहिलंस म्हणून मी गप्प राहिले. आत्तीनं कार्ड त्यांच्यापुढं धरलं. ते उभ्याउभ्या मोठ्यानं वाचायला लागले. भरमाच्या दोन नानकटाया वाचून हसले. "कडूपणा शोधत होतो" इथं आले आणि थांबले. बाकीचं मनातच वाचलं त्यांनी. मला वाटलं, इतकी वर्षं झाली, ह्यांच्या कशाला लक्षात असेल. पण होतं, अण्णा. तोंडावर दिसत होतं.

कार्ड खिशात घातलं, बूट न काढता आत गेले, डब्यातली आत्तीच्या हातची एक नानकटाई आणली आणि आत्तीच्या हातात ठेवली. मग तिच्यासमोर खाली बसले, कंडक्टरच्या खाकी कपड्यांत, गळ्यात पिशवी तशीच. आणि आ केला.

अर्धा चुरा त्यांच्या शर्टावर सांडला. पण भरवली तिनं. ह्यांनी सगळी चावून गिळली आणि म्हणाले, "आये, आनि एक दे."

मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.

तुझी,
जया